सभेआधीचं बोलणं

ग्रामसभेत एखादी बाई उठून बोलते, तेव्हा ते वाक्य ती पहिल्यांदा बोलत नसते. बोअरवर घागर भरताना, गिरणीत दळणाचा डबा रांगेला लावून, खुरपणीच्या रानात दुपारची भाकरी सोडताना, कळंबला जाणाऱ्या काळीपिवळीत अंग चोरून बसलेली असताना तिनं ते बोलून पाहिलेलं असतं. कुणी "हाव की" म्हणालेलं असतं, कुणी "तुला काय करायचंय" म्हणून गप्प केलेलं असतं, कुणी त्यात आपली एक गोष्ट घातलेली असते. सभेच्या दिवशी लोकांसमोर येतं ते एवढ्या तोंडांतून फिरून आलेलं वाक्य. इतिवृत्तात मात्र शेवटची ओळ तेवढी उतरते.

ही आधीची फिराफिर मला फार मोलाची वाटते. राजकारणात भाग घेणं म्हणजे मतदान करणं, मोर्चाला जाणं, गळ्यात उपरणं घालणं, असं आपण धरून चालतो. निवडणुकीच्या महिनाभर सगळं गाव राजकारण करतं आणि नंतर पाच वर्षं "आम्हाला काय त्यातलं कळतं" म्हणतं. पण मला दिसतं ते असं, की कोण कुणाशी कशाबद्दल बोलू शकतं, यावर गावातली सत्ता उभी असते. मत एका दिवसाचं, बोलणं रोजचं. ज्याला रोज बोलता येतं त्याचं मत मागायला माणसं येतात, आणि ज्याला येत नाही त्याचं मत घेऊन जातात.

आमच्या गावातलं पाण्याचं सांगते. खालची गल्ली टाकीपासून लांब आहे, तिथं नळाची धार करंगळीएवढी यायची. आधी प्रत्येक घराला वाटलं, आपलीच तोटी खराब. एकीनं तोटी बदलली. दुसरीनं नळ खाली घेऊन खड्डा खणला. तिसरीनं सरळ मोटार लावली, आणि शेजारणीचं उरलंसुरलं पाणी तुटलं. मग त्या दोघींचं भांडण झालं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. भांडता भांडता एकीनं विचारलं, "तुझ्याकडं येतंच किती वेळ, ते तरी सांग." तिनं वेळ सांगितली. दुसऱ्या घरातून तिसरी बाहेर आली आणि तिनं आपली सांगितली. वेळ सगळीकडं सारखीच निघाली, पाऊण तास. आठवड्याभरानं बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना पुन्हा विषय निघाला. गावातल्या सगळ्या गल्ल्यांत जिचं जाणं-येणं असतं ती आशाताई तिथं होती. ती सहज म्हणाली, "वरच्या गल्लीत तर दोन तास चालतं की. मी लसीच्या यादीसाठी बसले होते तवा अंगण धुणं चाललं होतं."

इथं गोष्ट पालटली. "मला पाणी येत नाही" हे गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं घेऊन माणूस पाणी सोडणाऱ्या पोराच्या हातापाया पडतो, चहा पाजतो, आपल्यापुरतं भागवून घेतो. "आम्हाला पाऊण तास आणि त्यांना दोन तास, हे ठरवलं कुणी?" हा वेगळा प्रश्न आहे. तो ग्रामपंचायतीला विचारावा लागतो, आणि एकट्यानं विचारून चालत नाही. या दोन्हींच्या मधे कुणी पुढारी आला नाही, कुठली संघटना आली नाही. एक भांडण, एक बैठक, आणि घरोघर जाणाऱ्या बाईचं एक सहज वाक्य. पुढच्या ग्रामसभेत तिघी उठल्या. पाणी सोडण्याच्या वेळा फळ्यावर लिहायच्या, असा ठराव झाला. त्या वेळा रोज पाळल्या जातात असं म्हणणार नाही, पण आता त्या मोडल्या की सगळ्यांना कळतं आणि त्याचं कारण विचारता येतं.

कायद्यात या सगळ्याला जागा आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. आपल्याकडं पंचायतींत बायकांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तो लागतो. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळं "तहकूब करा, नंतर बघू" हा अनेक गावांतला सोपा मार्ग झाला आहे. दवंडी हळू आवाजात दिली जाते, नोटीस कपाटाच्या आतल्या बाजूला लागते, आणि सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं. बाई सरपंच असली तर तिचा नवरा टेबलामागं बसतो. हे सगळं आता पुष्कळांनी सांगून झालं आहे.

याच कायद्यातली ग्रामसभेआधी बायकांची वेगळी महिला सभा घेण्याची तरतूद मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. बाईला गावासमोर बोलायचं तर आधी बायकांत बोलून पाहता आलं पाहिजे, हे ज्यानं कुणी ओळखून लिहिलं त्याला गाव माहीत होतं. ज्या गावात महिला सभा खरोखर भरते तिथल्या ग्रामसभेचा आवाजच वेगळा असतो. बायका तिथं विनंती करत नाहीत, विषय मांडतात. ग्रामसेवक भाऊसाहेबांना "वाचून दाखवा की मागचं इतिवृत्त" असं म्हणायला काय धाडस लागतं, हे ज्यानं गावात आयुष्य काढलंय त्यालाच कळेल.

बोलण्याचं हे मोल मराठवाड्याला जरा उशिरा आणि जरा महाग मिळालं आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, आणखी तेरा महिने. त्या राज्यात चार माणसांनी एकत्र येऊन जाहीर बोलणं हीच परवानगीची गोष्ट होती. १९२९ च्या सुमाराला निघालेल्या गश्ती निशाण ५३ या फर्मानानं सभा घ्यायला आधी सरकारची मंजुरी लागू लागली. मग माणसांनी बोलण्यासाठी दुसऱ्या जागा शोधल्या. वाचनालयं काढली, गणेशोत्सवात मेळे केले, हिप्परग्याची आणि अंबाजोगाईची शाळा चालवली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्या वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्यातून, कारण आपल्या मातीत ते छापणं शक्य नव्हतं. निजाम सरकार बंदी घाली, आणि वाघमारे नाव बदलून अंक पुन्हा काढत.

आमचे आजोबा सांगत, अंक गावात एकच यायचा आणि वाचता येणाराही एकच होता. त्यामुळं अंक ऐकलाच जायचा, आणि ऐकता ऐकता मधे प्रश्न विचारले जायचे. वाचणारा थांबायचा, समजावून सांगायचा, कधी त्यालाही सांगता यायचं नाही. सरकारी कागद उर्दूत, कोर्ट उर्दूत. आपल्याच जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय हे विचारायला अर्जनवीसाकडं जावं लागे आणि तो सांगेल ते खरं मानावं लागे. आपल्या भागातली म्हातारी माणसं तहसीलच्या दारात अजून आवाज खाली आणतात. घाबरटपणा म्हणून मी त्याकडं बघत नाही. मोठ्यानं बोललं की काय होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ती सवय आलेली आहे.

याच घरात एक दुसरीही शांतता मी पाहिली. रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचं, सगळं मोठ्यानं सांगितलं जाई. ज्वारीच्या रानात रात्र काढलेली, दागिने उकिरड्यात पुरलेले, सोलापूरच्या हद्दीपलीकडल्या कँपात गेलेली माणसं. पण १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, हे कुणी बोलायचं नाही. आजी म्हणायची, "लई वंगाळ दिवस होते ते," आणि चुलीकडं वळायची. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं त्या वर्षाच्या अखेरीला संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय फौजेच्या कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज होता, त्यांत बहुतेक मुसलमान, आणि सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मला तो वाचून कळला, मुसलमान मोहल्ल्याच्या शेजारी जन्म घालवूनही. मुक्तिदिनाला झेंड्याखाली मी अभिमानानं उभी राहते आणि राहीन. पण गावातला एक भाग आपलं दुःख गावासमोर कधीच बोलू शकला नसेल, तर त्याच्याकडं मत असून गावात त्याचा वाटा अपुरा राहतो, हेही मला तिथंच उभं राहून वाटतं.

३० सप्टेंबर १९९३ बद्दल मात्र आमच्याकडं सगळे बोलतात. रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, होळी, लिंबाळा. सुमारे दहा हजार माणसं गेली. मारलं ते घरांनी: मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, टनावारी भार. बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. त्यापलीकडं शेकडो गावांतली लाखांवर घरं जिथल्या तिथं दुरुस्त करून भक्कम करायची होती, आणि ते काम घरमालकांनी स्वतः, सरकारी हप्त्यांतून करायचं होतं.

औसा तालुक्यात दिलेली माझी आत्या या कामात पडली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, सरकारला पटवलं होतं की माहिती कागदानं पोचत नाही, माणसानं पोचते. मग गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या गेल्या आणि त्यांना संवाद सहायक असं पद मिळालं. अशा हजाराहून अधिक गावांत त्या होत्या. सातवी शिकलेली आत्या त्यांतली एक. डोक्यावरचा पदर तसाच, हातात एक लांब वही.

तिचं काम काय, तर बोलणं. पहिला हप्ता कधी, बँकेत खातं कसं उघडायचं, खात्यावर बाईचं नाव का घालायचं. माळवदावरची माती कमी करा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड बसवा, म्हणजे भिंतीचे दोन पदर सुटे होणार नाहीत. दरवाजा-खिडक्यांच्या वर सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवा. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरका आधार द्या. हे सगळं इंजिनिअरसाहेबांनी एकदा फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि गावानं मान डोलावली होती. कुणाला काही कळलं नव्हतं. आत्या घरोघर जाऊन भिंतीला हात लावून सांगायची. आणि तिथं बायका तिला उलट विचारायच्या, जे साहेबाला कधी विचारलं नसतं: माती काढली तर उन्हाळ्यात घर तापेल त्याचं काय? चुलीच्या भिंतीला आरपार दगड घातला तर धूर कुठून काढायचा? म्हातारी सासू माळवदावर पापड वाळवते, ती जागा जाईल का?

हे प्रश्न वहीत लिहून ती तालुक्याला गेली. साहेबांनी पुन्हा तेच समजावायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, तुमी सांगितलेलं मला समजलं. आता मी सांगते ते तुमी ऐका." हे वाक्य आमच्या घरात अजून सांगितलं जातं. आत्या मात्र म्हणते, त्यात माझं काही मोठं नव्हतं; वीस घरच्या बायकांचे प्रश्न हातात होते, म्हणून जीभ उचलली. एकटीचा असता तर तिथल्या तिथं गिळला असता. पुढं तिच्या मंडळातल्या दोघी ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. स्वतः आत्या कधी उभी राहिली नाही, पण गावातला कुठलाही कागद "वाचून सांगा" म्हणून आधी तिच्याकडं यायचा. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडं गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. भाषा वेगळी, भीती तीच. भिंतीला हात लावून सांगण्याची रीत मात्र तिथंही चालली असणार, असं आत्या म्हणते.

नव्यानं वसवलेल्या गावांचं दुसरं टोक मी नात्यातल्या घरांत पाहिलं. सरळ रुंद रस्ते, आखलेले चौक, प्रत्येक घर आपापल्या मोकळ्या जागेत सुटं. कागदावर देखणं. पण जुन्या गावातली बोळं गेली, आणि बोळाबरोबर उंबऱ्यावर बसून समोरच्या उंबऱ्याशी बोलणंही गेलं. एक मावशी म्हणायच्या, "हाक मारली तर शेजारणीला ऐकू जात नाही." पार नंतर बांधला गेला, त्यावर पुरुष बसले. बायकांच्या बसण्याची जागा नकाशात कुणी आखलीच नव्हती. त्या गावांतल्या बायकांना पुढं पुष्कळ गोष्टी नव्यानं उभ्या कराव्या लागल्या. त्यांतली पहिली म्हणजे एकमेकींना भेटण्याचं निमित्त.

बायकांचं बोलणं राजकारणात मोजायची आपल्याला सवय नाही, पण पुरावे पुष्कळ आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या. पहाटेच्या अंधारात दळताना या बायका बाबासाहेबांशी घरातल्या माणसासारख्या बोलतात. त्यांना कुणी सभेला बोलावलं नव्हतं, तरी धर्मांतर, शिक्षण, माणुसकी हे सगळे विषय जात्याभोवती येऊन गेले होते. आणि ज्या गावात जोहार घालावा लागे त्या गावात ताठ मानेनं "जयभीम" म्हणून रस्त्यानं जाणं हे तर रोजचं राजकीय काम होतं. त्याची किंमत मोजावी लागली आहे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाल्यावर मराठवाड्यातल्या कित्येक वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्या सोळा वर्षांत कोण कुणाला नमस्कार घालतं आणि कोण तोंड फिरवतं, यावरून गावागावांत बाजू कळायच्या.

बीडकडची ऊसतोड करणारी माणसं या बोलण्यातून दरवर्षी सहा महिने गळतात. दिवाळीच्या मागंपुढं ट्रॅक्टर भरून ती जातात, पाडव्याच्या आसपास परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा होते तेव्हा घरी म्हातारी आणि लहान लेकरं. घरकुलाच्या यादीवर, रस्त्याच्या कामावर, टँकरच्या खेपांवर जे ठरायचं ते त्यांच्यामागं ठरतं. तिकडं फडावर त्यांच्या वतीनं मुकादम बोलतो, आणि उचल त्याच्याकडून घेतलेली असल्यामुळं त्याच्याशी बोलायला तोंड उरत नाही. पहाटे चारला मोळ्या भरायला उठणारी बाई कुणाशी काय बोलणार?

तरी बोलणं वाट काढतं. "पिशवी काढली" हे वाक्य या बायका वर्षानुवर्षं एकमेकींना सांगत होत्या, तुझी कधी काढली, कुणाकडं काढली, किती लागले. बायकांचं दुखणं म्हणून ते कोपीत आणि दवाखान्याच्या बाकावर राहिलं. २०१९ साली ते वर्तमानपत्रांत आलं आणि मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा विधिमंडळाच्या पटलावर यायच्या कितीतरी आधी बायकांच्या तोंडी होता. त्यांना मोजायला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. तो आकडा वाचला तेव्हा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षण मागणाऱ्या आंदोलकांवर लाठीमार झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथून जवळच वडीगोद्रीला ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झालं. दोन्हींकडं खरी पोरं आहेत, वय निघून चाललेली. दोन्हींकडं तुकडे पडत गेलेली जमीन आहे. त्या मागण्यांचं काय व्हावं, यावर मला माझं मत आहे, पण इथं दुसरी गोष्ट मांडायची आहे. या दोन-तीन वर्षांत आमच्या भागातल्या गावांत माणसं एकमेकांशी बोलायची थांबली आहेत. कुणी तसा ठराव केला नाही. तरी या हॉटेलावर हे बसतात आणि त्या हॉटेलावर ते. कुणाच्या दुकानातून सामान घ्यायचं, कुणाकडं दाढीला जायचं, कुणाच्या लग्नाला आहेर पाठवून घरीच थांबायचं, हे आता विचार करून ठरतं. एकमेकांच्या मनातलं मोबाइलच्या स्टेटसवरून कळतं, आणि स्टेटसला उलट प्रश्न विचारता येत नाही. पूर्वी पेपर मोठ्यानं वाचला जायचा तेव्हा समोर बसलेला माणूस "हे खोटं आहे" म्हणू शकायचा. आता प्रत्येकजण आपल्या हातातलं एकटा वाचतो आणि चिडून खिशात ठेवतो.

याचा परिणाम ग्रामसभेत दिसायला लागला आहे. पाण्याच्या वेळांचा तो विषय आज निघाला तर तो पाण्याचा राहील का, याची मला खात्री नाही. "वरची गल्ली" म्हटलं की लोक आधी तिथं कोण राहतं ते आठवतील. मला वाटतं, सत्तेत असलेल्या कुठल्याही माणसाला याहून सोयीचं काही नाही. सोयाबीनचा भाव विचारायला गावातलं प्रत्येक घर एकत्र यायला हवं होतं. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर होता आणि लातूरच्या आडतीवर माल त्याहून कितीतरी खाली चालला होता. माझ्या भावाचा गेला, आणि ज्यांच्याशी तो बोलत नाही त्यांचाही त्याच काट्यावर, त्याच भावानं गेला. दोघांनीही आपापल्या घरी येऊन शिव्या घातल्या.

माझी शाळेपासूनची मैत्रीण वंजारी घरातली, मी मराठा घरातली. चाळीस वर्षांत हे सांगायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. मधे आमचंही बोलणं कमी झालं होतं, भांडण न होता. मागच्या दिवाळीनंतर मी तिच्या गावी गेले. आम्ही आधी सोयाबीनवर बोललो, कारण ते दोघींना सोपं होतं. मग ती स्वतःच म्हणाली, "तुझ्या भाच्याला मिळालं तर माझ्या पोरीचं जातं, असं मला वाटतं बघ. हिशोब मला कळत नाही. पण रात्री तेच मनात येतं." मी तिला भाच्याचं सांगितलं: दीड एकर रान, दोन वेळा भरतीची तयारी, आता पुण्यात कंपनीत बारा तास ड्युटी. मी म्हणाले, "त्यालाही रात्री असंच वाटत असंल, तुझ्या पोरीबद्दल." ती म्हणाली, "पण तो तसं म्हणत नाही. तो स्टेटस ठेवतो." मी म्हणाले, "तुझा दीरही ठेवतो." त्यावर आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो.

आमचं एकमत झालं नाही. जागा कमी आहेत, हे दोघींना मान्य. त्या कुणाला मिळाव्यात यावर ती तिच्या जागी आहे, मी माझ्या. पण तिच्या पोरीच्या कॉलेजची फी किती, तिला कुठली सवलत मिळते आणि कुठली कागदावरच राहते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि आमच्या घरातलं खरं उत्पन्न किती हे तिला. इतक्या दिवसांच्या बातम्यांतून यातलं काही कळलं नव्हतं.

निघताना ती म्हणाली, "हे असंच माझ्या सासऱ्याला सांगशील का? ते माझं ऐकत नाहीत. आन् आमच्या घरी तुमच्यातलं कुणी येऊन बसलंच नाही लई दिवसांत."

"सांगीन की. ऐकून घेतील ना पण?"

"चिडतील. पण तू पाहुणी, तुला उठ म्हणणार नाहीत."

त्या रविवारी मी पुन्हा गेले. सासरे ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. "कुठं चाललाव, बसा की," म्हणून त्यांनी सतरंजी पुढं सरकवली. पहिला अर्धा तास पावसाचं आणि तुरीवरच्या अळीचं झालं. मग त्यांनीच माझ्या वडलांची आठवण काढली, दोघं एकाच वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. आणि मग चष्मा काढून, माझ्याकडं नीट बघत, त्यांनी विचारलं, "आता सांगा ताई, तुमच्या लोकांचं नेमकं म्हणणं तरी काय हाय?"